एका दिवसात पुण्याची जुनी धर्मस्थळं: काय घ्यावं, कुठल्या क्रमाने, कुठल्या वारी

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आई-वडील सत्तरी ओलांडलेले, मुलगी आठवीत, पुण्यात मोकळा असा एकच दिवस, आणि जुन्या शहरातली देवळं, दर्गे, चर्च, सिनेगॉग असं सगळं कुणा माहितगाराबरोबर पाहायचंय. सोबत बावीस ठिकाणांची यादी आणि ‘हे बसेल का?’ हा प्रश्न. मी बरीच वर्षं पेठांमधून लोकांना फिरवते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बावीस बसणार नाहीत. गाडीतून उतरायचं, हात जोडायचे आणि पुन्हा गाडीत बसायचं असं केलं तर बसतील, पण त्याला बरोबर कुणी सांगणारं कशाला हवं? चालत, बसत, विचारत पाहायचं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सात-आठ जागा होतात.

निवडताना प्रसिद्धी बघू नका. जागा कुणी दिली, पैसा कुणाचा आणि दार कुणाला उघडं होतं, एवढं प्रत्येक ठिकाणी विचारा आणि ज्यांची उत्तरं एकमेकांहून वेगळी येतील त्या जागा घ्या. तुमच्या यादीत पेशवाईतली देवळंच तेरा-चौदा आहेत. दगडी गाभारा, पुढे लाकडी सभामंडप, वर चुनेगच्ची शिखर, भोवती ओवऱ्या. अशी पाच देवळं ओळीने पाहिली की सहाव्याला मुलगी बाहेर पायरीवर बसून राहणार, आणि तिचं काही चुकत नाही. त्याऐवजी एक पेशव्यांच्या कारभाऱ्याचं, एक उत्तरेकडून आलेल्या गोसाव्याचं, एक चर्च ज्याला पेशव्यांनीच जागा दिली, एक बगदादहून आलेल्या व्यापाऱ्याने बांधलेलं सिनेगॉग असं घेतलं, तर हे शहर कुणाकुणाच्या हातांनी उभं राहिलं ते दिवसभरात आपोआप समोर येतं.

मग वार ठरवा. वेळापत्रकाच्या आधी वार, कारण या सगळ्या जागा रोजच्या वापरातल्या आहेत आणि प्रत्येकीचं आपलं घड्याळ आहे. सोमवारी शंकराच्या देवळांत रांगा. मंगळवारी गणपतीला गर्दी, आणि त्यात अंगारकी आली तर कसब्याकडे फिरकूच नका. गुरुवारी दत्ताच्या देवळांत आणि दर्ग्यांत, दोन्हीकडे माणसं जास्त. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यू लोकांचा शब्बाथ. त्या काळात नुसतं बघायला म्हणून सिनेगॉगमध्ये जाऊ नये. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा. उरतो बुधवार. तोच घ्या, फक्त कॅलेंडरमध्ये त्या दिवशी चतुर्थी किंवा एखादा सण नाही ना हे पाहून ठेवा. ज्यांना वास्तूपेक्षा पूजाच पाहायची आहे त्यांना मी उलटं सांगते: त्या त्या देवाच्या वारीच जा, पण मग दिवसाला एकच जागा.

दिवसाचा क्रमही याच हिशोबाने लागतो. बरीच जुनी देवळं दुपारी बाराच्या सुमाराला नैवेद्य झाला की बंद होतात आणि चारनंतर उघडतात. म्हणून देवळं सकाळी, चर्च आणि सिनेगॉग दुपारी. पुष्कळजण नकाशावर जवळ काय आहे ते बघून क्रम लावतात आणि मग भर उन्हात बंद दारासमोर उभे राहतात.

सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरापासून करा. रस्त्याच्या पातळीखाली, एकाच काळ्या कातळात कोरलेलं हे लेणं आठव्या शतकाच्या सुमाराचं, राष्ट्रकूट काळातलं मानलं जातं. म्हणजे तुमच्या यादीतल्या बाकी बहुतेक जागांपेक्षा हजारेक वर्षांनी जुनं. अंगणात गोल नंदीमंडप आहे, छत्रीसारखा. तोही त्याच कातळातून काढलेला. आत गेलात की भिंतींकडे बघा. काम अर्धवट सोडलेलं आहे आणि ते लपत नाही. काही ठिकाणी छिन्नीच्या खुणा तशाच आहेत. मुलीला विचारा, बांधकाम खालून वर जातं, मग लेणं कुठून कुठे जात असेल? कोरीव काम वरून खाली आणि बाहेरून आत सरकतं, चुकलेला दगड परत लावता येत नाही, हे तिला समोर बघून पटकन कळेल. हे लेणं कुणी कोरायला घेतलं आणि का सोडलं याची नोंद नाही, म्हणून आमच्या ‘कुणाचा पैसा’ या प्रश्नाला इथे उत्तर नाही, आणि दिवस अशाच जागेपासून सुरू व्हावा असं मला वाटतं. शेजारीच जंगली महाराजांची समाधी आहे. त्यांनी १८९० मध्ये समाधी घेतली. आई-वडिलांना तिथे पाच मिनिटं बसायला आवडेल. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण आत पूजा चालू आहे. दोन्ही भान ठेवायचं: खांबांना टेकायचं नाही आणि पिंडीसमोर फोटोसाठी रांग अडवायची नाही.

तिथून रिक्षाने नदी ओलांडून ओंकारेश्वर. पहिल्या बाजीरावांच्या कारकिर्दीतलं देऊळ, मुठेच्या काठावर, शनिवार पेठेत. आवारात चिमाजी आप्पांची समाधी आहे. वसई जिंकून वर्ष-दीड वर्षातच, १७४० मध्ये ते गेले. पूर्वी शहराचं स्मशान इथे जवळच होतं, त्यामुळे जुन्या पुणेकरांच्या मनात ओंकारेश्वराचं नाव आजही अंत्यविधीशी जोडलेलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठचे वाडे आणि वस्त्या वाहून गेल्या आणि हे देऊळ मात्र पुरातून शाबूत निघालं. लगतचा पूल महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाचा. त्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. धर्मस्थळांच्या फेरीत हे कशाला, असं कधी कुणी विचारतं. मी सांगते. देवधर्माबद्दल शहरात किती तीव्रतेने वाद होत आले आहेत हे सोडून देवळांचा इतिहास सांगणं मला पटत नाही.

पुढे कसबा. पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती हीच. वारांच्या नावांच्या पेठा नंतर आल्या. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने १६३० च्या सुमाराला पुणं उद्ध्वस्त केलं आणि काही वर्षांनी जिजाऊ बाल शिवाजीराजांना घेऊन इथे राहायला आल्या, तेव्हा गाव पुन्हा वसवायचं होतं. कसबा गणपतीचं देऊळ त्यांनीच उभारलं अशी परंपरा आहे. उजाड गावात माणसं परत यावीत म्हणून आधी ग्रामदैवताची जागा नीट करायची, हा राजकारणाचाही भाग असतो. देवळात कोरीव काम शोधू नका. शेंदराच्या थरांखालची मूर्ती, लहान आवार आणि मागे गजबजलेला कसबा एवढंच आहे. पण गणेशोत्सवात विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान याचा असतो, आणि त्या दिवशी शहर कुणामागे चालतं ते कळायला हे लहान देऊळ पाहून ठेवलेलं बरं.

कसब्यातच थोरला शेख सल्ला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन जुने दर्गे आहेत. या जागी पूर्वी पुण्येश्वर आणि नारायणेश्वर ही देवळं होती अशी शहरात जुनी समजूत आहे आणि त्यावरून वादही चालू आहे. तुमच्या वडिलांनी हे वाचलेलं असणार, ते विचारतीलच. मी ते लपवत नाही, पण दर्ग्याच्या आवारात, दुआ मागायला आलेल्या माणसांच्या कानाशी उभं राहून सांगतही नाही. बाहेर पडून चालता चालता सांगते, कोण काय म्हणतं तेवढं. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी हवीच. अनेक दर्ग्यांत अगदी आतल्या मजारीपाशी बायकांना जाऊ देत नाहीत. दारातल्या माणसाला आधी विचारावं आणि तो सांगेल तिथे थांबावं. मुलगी ‘का?’ म्हणून विचारेल. तिला गप्प करू नका. ‘दार कुणाला उघडं’ या प्रश्नाचं हे आजचं उत्तर आहे, आणि संध्याकाळी तो प्रश्न पुन्हा येणार आहे.

दहाच्या आत तुळशीबागेत पोचायचं. वेळेची ही एकच गोष्ट मी हट्टाने पाळते, कारण दुकानं उघडली की देऊळ दिसेनासं होतं. बाहेर बांगड्या, भांडी, क्लिपा यांचा बाजार आणि आत शांत चौक. हे राममंदिर नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलं; पुढे ते तुळशीबागवाले म्हणूनच ओळखले जाऊ लागले. साध्या परिस्थितीतून वर येऊन ते पुण्याचे सरसुभेदार झाले, आणि पानिपतानंतर शहर सावरत असताना त्यांनी हे काम उभं केलं. शिखर मान वर करून सावकाश बघा. चुन्यात केलेल्या कोनाड्यांत देव-देवता आणि साधुसंत बसवलेले आहेत. लाकडी सभामंडप, दारावरचा नगारखाना, आवारातली छोटी देवळं. पेशवाईच्या ऐन भरातलं देऊळ कसं असायचं ते एकट्या या जागेत कळतं, म्हणून बाकीची त्याच घडणीची देवळं मी यादीतून काढली. फक्त बाहेर पडल्यावर लक्ष्मी रस्त्यावर बेलबागेत पाच मिनिटं डोकवा. नाना फडणविसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ. सगळ्या मराठी राज्याची सूत्रं ज्यांच्या हातात होती त्यांच्या देवळाचं दार दुकानांच्या फटीत शोधावं लागतं.

आता सोमवार पेठ. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते आणि तुम्हीही द्यावा. नागझरीच्या पलीकडे, साध्या घरांच्या रांगेत त्रिशुंड गणपती आहे. पुण्यात आयुष्य काढलेले लोकसुद्धा दारात आल्यावर ‘हे इथे होतं?’ म्हणतात. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं आणि १७७० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. अठराव्या शतकातले गोसावी म्हणजे केवळ भिक्षेवर जगणारे बैरागी अशी कल्पना असेल तर ती बाजूला ठेवा. ते उत्तरेपासून दख्खनपर्यंत व्यापार करत, हुंड्या वटवत, मोठमोठ्या लोकांना कर्ज देत आणि हत्यारंही बाळगत. पुण्यात त्यांच्या पेढ्या होत्या. हा पैसा दरबाराचा नव्हता, आणि म्हणूनच हे देऊळ पेशव्यांच्या देवळांसारखं दिसत नाही. लाकूड नाही, चुना नाही. दर्शनी भिंत संपूर्ण काळ्या दगडाची आणि तिच्यावर हत्ती, पोपट, मोर, द्वारपाल, गजलक्ष्मी असं इंच न् इंच कोरलेलं. त्यात माळव्या-राजस्थानकडची घडण डोळ्यांना ओळखू येते.

त्या भिंतीवर खालच्या अंगाला एक पट्टी आहे, ती चुकवू नका. टोपीवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधत आहेत. पुण्याच्या देवळावर गेंडा! १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली आणि बंगाल इंग्रजांच्या हाती गेला. गेंडा म्हणजे तो पूर्वेकडचा मुलूख, असा अर्थ अभ्यासक लावतात. देशभर पेढ्या असलेल्या माणसांना ही बातमी आणि तिचा अर्थ बाकीच्यांच्या आधी कळला असेल, यात मला आश्चर्य वाटत नाही. पुण्यात तेव्हा अटकेपारच्या स्वारीची चर्चा असणार. इथे गोसाव्यांच्या कारागिराने दगडात ईस्ट इंडिया कंपनीची नोंद करून ठेवली. आत गाभाऱ्यापाशी तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृतात आणि एक फारसीत. हिंदू संन्याशाने बांधलेल्या गणपतीच्या देवळात फारसी लेख बघून काहीजण दचकतात. फारसी त्या काळी व्यवहाराची आणि दप्तराची भाषा होती, आणि ज्यांचे व्यवहार दिल्लीपर्यंत होते त्यांना ती परकी नव्हती. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. खाली तळघर आहे आणि तिथे भीमगीरजींची समाधी. तळघरात एरवी पाणी असतं. गुरुपौर्णिमेला समाधी दर्शनासाठी उघडतात. वडिलांना मागच्या बाजूला न्यायला विसरू नका. मागच्या भिंतीवर लिंगोद्भव शिवाचं, म्हणजे लिंगातून प्रकट होणाऱ्या शिवाचं शिल्प आहे. गणपतीच्या देवळावर ते कसं, तर मुळात शिवमंदिराचा बेत असावा असं मानतात.

जवळच नागेश्वर आहे, पेशव्यांच्याही आधीचं शिवालय. पाय दुखत नसतील तर जा, नाहीतर सोडा.

बारानंतर दोन तास काही पाहायचं नाही. जेवायचं, आई-वडिलांना आडवं व्हायला मिळेल अशी सोय करायची. एका दिवसाच्या फेऱ्या फसतात त्या बहुतेक दुपारी, आणि त्याचं कारण इतिहास नसून पाय असतात.

अडीचच्या सुमाराला गुरुवार पेठेत पंचहौद. या पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. इथलं होली नेम कॅथेड्रल १८८५ मधलं, अँग्लिकन मिशनचं. उंच घंटाघर लांबून ओळखू येतं. पण मी लोकांना इथे आणते ती चहासाठी. ४ ऑक्टोबर १८९० ला मिशनच्या शाळेत एक व्याख्यान ठेवून पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावलं होतं. नंतर चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचार म्हणून कप नुसता हातात धरला. बोलावण्यात पुढाकार गोपाळराव जोशींचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचा. त्यांनीच पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटल्यावरून बहिष्काराचा वाद, पेटलं. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून तक्रार थेट शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, काहींना वाळीत टाकण्यापर्यंत मजल गेली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारकांनी त्यांना बरंच ऐकवलं. आठवीतल्या मुलीला जातिव्यवस्था, सुधारणा, सनातनी हे शब्द पुस्तकातून पाठ असतात. एका कपाने देशातल्या सगळ्यात विद्वान माणसांना कसं कोंडीत पकडलं, हे त्या आवारात उभं राहून सांगितलं की ते तिच्या लक्षात राहतं.

याच मिशनशी पंडिता रमाबाईंची कहाणीही जोडलेली आहे. इथे काम करणाऱ्या, इंग्लंडमधल्या वाँटेजच्या जोगिणींशी (ख्रिस्ती संन्यासिनींशी) झालेल्या ओळखीतून त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आईला हा भाग जरूर सांगा.

क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च बाहेरून पाहिलंत तरी चालेल, पण त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे आणि पोर्तुगीज वंशाचे कॅथलिक शिपाई व अधिकारी होते. त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती, आणि १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी ती दिली. आजची इमारत नंतरची. ब्राह्मण पेशव्यांच्या राजधानीत चर्च दरबाराच्या दानातून उभं राहिलं, हे कळल्यावर बहुतेकजण पहिल्यांदा विश्वास ठेवत नाहीत. पण जो राजा परमुलखातले गोलंदाज पदरी ठेवतो त्याला त्यांच्या देवाचीही सोय बघावी लागते. यात औदार्य होतं आणि व्यवहारही.

शेवटचं मोठं ठिकाण कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, पुणेकरांचं लाल देऊळ. लाल विटांची गॉथिक धाटणीची इमारत, सुमारे ९० फूट उंच मनोरा आणि त्यावर घड्याळ. न सांगितलं तर कुणीही चर्चच समजेल. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या पैशातून हे उभं राहिलं आणि १८६७ मध्ये पूर्ण झालं. ससून १८६४ मध्ये गेले. त्यांची कबर याच आवारात आहे. ससून हॉस्पिटल, वाचनालयं, शाळा हे त्यांचं दान सगळ्यांना माहीत असतं. ती संपत्ती कापसाइतकीच चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आली होती, हेही सांगायला हवं. नारो आप्पाजी असोत, गोसावी असोत की ससून, पैशाचा उगम विचारायचा तर सगळ्यांना विचारायचा.

इथे परवानगीची अडचण आहे. सुरक्षेमुळे आधी कळवल्याशिवाय आत सोडत नाहीत. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं आणि फोटोंना बहुधा मनाई असते. तुमच्या मार्गदर्शकाने ही व्यवस्था किमान आठवडाभर आधी करायला हवी. आत जाता नाही आलं तर रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग विचारून बघा. १९२१ सालचं, लहान, आणि बेने इस्रायल समाजाचं. ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी. कोकणात तेलाच्या घाण्याचा धंदा करायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करणारा हा समाज तुमच्या आईला ससूनपेक्षा जास्त जवळचा वाटेल.

पर्वती तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे आणि मी तिचं नाव अजून घेतलं नाही, ते पायऱ्यांमुळे. १०३ आहेत. पायऱ्या रुंद आणि बुटक्या असल्या तरी सत्तरीच्या गुडघ्यांनी दिवसभर हिंडल्यावर त्या चढू नयेत. तुम्ही आणि मुलगी साडेपाचला जा, आई-वडिलांना सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी बसवा. वर देवदेवेश्वर आहे, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेला. पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, त्यांचा मृत्यू इथेच झाला. एवढं सगळेच सांगतात. सांगायचं राहतं ते असं की १३ ऑक्टोबर १९२९ ला याच पायऱ्यांवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे दलित पुढारी आणि त्यांच्याबरोबर तरुण एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ. दारं बंद करून घेतली गेली आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं. सकाळी दर्ग्याच्या दारात मुलीला पडलेला प्रश्न इथे पायऱ्या चढताना पुन्हा काढा. तिला स्वतःच बोलू द्या.

आता माणूस कसा निवडायचा. फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. एका वेळी किती लोक नेता? पंधराच्या वर आकडा सांगितला तर नको म्हणा, कारण त्रिशुंडच्या दारात तेवढ्यांना नीट उभंही राहता येत नाही. देवळात आत बोलता की बाहेर? चांगला मार्गदर्शक सगळं अंगणात सांगतो आणि आत गप्प बसतो. आरती सुरू झाली तर काय करता? ‘थांबतो’ हे एकच बरोबर उत्तर आहे. आणि दंतकथा व इतिहास वेगळे करून सांगता का? हे तपासायला डुल्या मारुतीबद्दल विचारा. पानिपतच्या वेळी तो मारुती डुलला म्हणून त्याला हे नाव पडलं, अशी गोष्ट आहे. ती ‘असं लोक सांगतात’ म्हणून रंगवून सांगणारा माणूस मला आवडतो. तारीख-वेळ देऊन खरी घटना म्हणून सांगणारा नको. वाटेत कुठल्या दुकानात थांबणार आहात का, हेही विचारा.

कपड्यांचं सोपं आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले, काढ-घाल करायला सोपी पादत्राणं, आणि पायमोजे बरोबर ठेवा, कारण दुपारी दगडी फरशी भाजते. दानपेटीत टाकायचं ते थेट पेटीत टाका. पुजारी, मुजावर किंवा चर्चमधले सेवक यांनी वेळ काढून काही दाखवलं तर त्यांचं नाव विचारून आभार माना. पुढच्या लोकांसाठी दारं उघडी राहतात ती यामुळेच.

गाडी पेठांत नेऊ नका. भुयारी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं आता आहेत, लिफ्ट आहे, आणि मधल्या अंतरांना रिक्षा. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि आषाढी वारीच्या पालख्या मुक्कामी असतानाचे दिवस टाळा. पालख्या पाहायच्या असतील तर ती फेरीच वेगळी करावी लागते: नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची, भवानी पेठेत पालखी विठोबापाशी ज्ञानोबांची, आणि बाकी काही नाही. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आई-वडिलांना सगळ्यात सोसेल. बुधवार ठरला की आधी सिनेगॉगच्या परवानगीच्या मागे लागा, आणि त्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारून घ्या. परवानगी मिळालेली असली तरी एखाद्या दिवशी ऐनवेळी बंद ठेवतात.